ओढ्याच्या वळणावरचे कुत्रे

फावडेमामांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच पडून होतं. साहेबांपासून कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ते फावडेमामा, कारण फावड्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलंच नव्हतं. फावडं ते रोज घरी नेत. ऑफिसच्या कोठारात ठेवलं की कुणीतरी ते सिमेंट कालवायला नेतं आणि न धुता आणून ठेवतं, ही त्यांची सव्वीस वर्षांची तक्रार होती. रस्ता खात्यात त्यांचं काम एकच. हमरस्त्यावर रात्रीतून गाड्यांखाली आलेली जनावरं सकाळी सातच्या आत उचलायची, खड्डा काढून पुरायची, वर चुना टाकायचा आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची. हद्द चौदा किलोमीटरची, बरोबर एक छोटा ट्रक आणि त्याचा ड्रायव्हर.

असलं काम कुणी मागून घेत नाही. मामाही भरती झाले होते खड्डे बुजवायला. पहिल्याच आठवड्यात एक मेलेलं गाढव उचलायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, मामांना नाही म्हणवेना, आणि त्यांनी जे उचललं ते कायमचंच. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

आता निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि मामा दमले होते. झोपेने जाणारा शीण नव्हता हा. पहाटे चारचा गजर व्हायच्या आधीच डोळा उघडायचा आणि मग पाच मिनिटं ते छताकडे बघत नुसते पडून राहायचे. पाठ दुखायची, गुडघे कुरकुरायचे, पण खरा वीट आला होता तो 'आज काय पडलं असेल' या विचाराचा. सव्वीस वर्षं दिवसाची सुरुवात याच प्रश्नाने करायची म्हणजे माणूस आतून चेपत जातो. मामा तसे चेपले होते.

घर वसाहतीच्या शेवटच्या ओळीत होतं. मागच्या कुंपणापलीकडे माळ, माळापलीकडे हमरस्ता आणि हमरस्त्यापलीकडे ओढा. त्यामुळे ज्यांना मामा सकाळी उचलत त्यांचे भाऊबंद संध्याकाळी घरी येत. साळिंदराने बटाट्याचा वाफा दोनदा उकरला होता. पाण्याच्या टाकीवर एक घुबड बसायचं आणि मामींच्या वाळत घातलेल्या चादरीच नेमक्या खराब करायचं. आणि रोज दिवेलागणीच्या सुमाराला एक कोल्हीण यायची. तिचा डावा कान मधोमध फाटलेला होता. मामींनी तिच्यासाठी एक जुनं, भोक पडलेलं घमेलं डांबर लावून बुजवून घेतलं होतं. त्यात पाणी भरून त्या ते कुंपणाशी ठेवत. कोल्हीण यायची, आधी मामींकडे बघायची, मग पाण्याकडे, आणि सावकाश प्यायची.

"आली बघा, हजेरी लावायला," मामी म्हणत. "तुमच्या ऑफिसातल्या माणसांपेक्षा वेळेवर येते."

"सकाळी मेलेली उचलायची, संध्याकाळी जिवंत सांभाळायची," मामा म्हणत. "मला माणसांत कधी राहू देणार आहेस?"

"माणसांत राहून काय दिवे लावलेत कुणी?"

 एकदाच मामांनी सांगितलं होतं की हिचं बीळ ओढ्याच्या अंगाला आहे, पाण्यासाठी ती रस्ता ओलांडून येते. मामींनी घमेलं विसळून ठेवलं. मग म्हणाल्या, "ओढा आटलाय. मग कुठे पिणार बिचारी?" आणि दुसऱ्या दिवशीही घमेलं भरलं.

आता रजिस्टरचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. खात्याच्या नियमात जनावरं दोन जातींची. एक पाळीव आणि भटकी, म्हणजे कुत्रं, मांजर, गाढव. यांना एक ओळ पुरते. तारीख, किलोमीटर, जनावर, दोन सह्या, संपलं. दुसरी जात रानटी. यांना हात लावायचा नाही. फॉरेस्टवाल्यांना फोन करायचा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत प्रेताशेजारी थांबायचं. तो एकटाच चार गावं बघतो, त्याची मोटरसायकल तिला वाटेल तेव्हा सुरू होते, त्यामुळे थांबायचं म्हणजे तीन तास, चार तास, सांगता येत नाही. मग तीन प्रतींचा फॉर्म, मध्ये दोन कार्बन. नर की मादी, वय अंदाजे, जखमा कुठे, आणि शेवटचा रकाना, 'कशावरून ओळखले'. या रकान्याचा मामांना मनस्वी राग. डोक्यावर हातभर शिंगं असलेलं हरीण समोर पडलेलं असताना ते कशावरून ओळखलं हे ज्याने विचारलं, त्याला मामांना एकदा भेटायचं होतं.

तरी सुरुवातीची सतरा वर्षं त्यांनी हे सगळं इमानाने केलं. उन्हात बसून, पावसात ताडपत्री डोक्यावर घेऊन केलं. मग तो दिवस उजाडला.

मामांच्या मुलीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. केंद्र शहरात. साडेआठला मामांनी तिला स्कूटरवरून सोडायचं असं ठरलं होतं. पहाटे ओढ्याच्या वळणावर एक हरणी पडलेली मिळाली. मामांनी फोन केला, फॉरेस्टवाला म्हणाला निघतोच. घरून मुलीचा फोन आला, मामा म्हणाले आलोच. आठ वाजता पुन्हा आलोच, सव्वाआठला पुन्हा आलोच. बापाच्या 'आलोच'वर विसंबून पोरीने शहराकडे जाणाऱ्या दोन बस सोडल्या. फॉरेस्टवाला आला पावणेअकराला. मामा घरी पोचले तेव्हा मुलगी परीक्षेचे कपडे बदलून भाजी निवडत बसली होती. ती एक शब्द बोलली नाही, पण तिचं वर्ष गेलं. ती भांडली असती तर मामांना सोसलं असतं.

त्या दिवसापासून मामांच्या हद्दीत रानटी जनावर मरायचं बंद झालं.

पहिल्यांदा कोल्हा होता. मामांनी रजिस्टरमध्ये 'कुत्रा' लिहिलं आणि मनाशी म्हणाले, चुलतभाऊच आहे, फार काही बिघडलं नाही. ड्रायव्हर तेव्हा नवा होता. त्याने मामांकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे पाहिलं, आणि सही केली. पुढे ससा मांजर झाला. हरीण 'कुत्रा, पिवळा' झालं. रानडुक्कर 'कुत्रा, मोठा'. साळिंदराला काय लिहावं यावर दोघांनी चहा पिता पिता बराच खल केला आणि शेवटी तेही कुत्राच ठरलं. ऑफिसातला कारकून एकदा हसून म्हणाला होता, "मामा, तुमच्या हद्दीत कुत्र्यांचं पीक येतं वाटतं." याच्यापुढे कुणी काही विचारलं नाही. सातच्या आत रस्ता साफ, साहेब खूश, मामा आठला घरी.

एकदा मात्र फजिती झाली. एक कोल्हा उचलून ट्रकात टाकला, नोंद केली, सह्या झाल्या, आणि दोन किलोमीटर गेल्यावर ड्रायव्हरने आरशात पाहिलं तर मयत उठून ताडपत्रीवर बसलेला. ट्रक थांबला तसा त्याने खाली उडी मारली, दोघांकडे एकदा तुच्छतेने पाहिलं आणि लंगडत शेतात गेला. रजिस्टरमध्ये तो आजही पुरलेला आहे, वर चुन्यासकट. हा किस्सा मामा पाहुण्यांना रंगवून सांगत. सांगून झाल्यावर त्यांना आतून कसंतरी होत असे, पण ते पाहुण्यांना दिसत नसे.

मुलगी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली, पास झाली, नर्स झाली. सरकारी दवाखान्यात लागली. दवाखाना वळणाच्या पलीकडे, पहिली पाळी सहाची. म्हणजे रोज पहाटे साडेपाचला ती स्कूटरवरून ओढ्याच्या वळणावरून जाणार. मामांचा ट्रक त्या वेळी तिथेच कुठेतरी असे. ती दोनदा हॉर्न द्यायची, मामा फावडं वर करायचे. दिवसातली तेवढी एक गोष्ट त्यांना आवडायची.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच वळणावर एक रानडुक्कर तिच्या स्कूटरवर आलं. ती पडली, गळ्याखालचं हाड मोडलं. डुकराला मागून येणाऱ्या ट्रकने उडवलं. मामा दहा मिनिटांत पोचले. तिला मागच्याच एका गाडीतून दवाखान्यात पाठवलं आणि ड्रायव्हरबरोबर ते धूड रस्त्यावरून ओढून काढलं. त्यांना पोरीकडे जायची घाई होती. हात रजिस्टरवर सवयीने चालला. 'कुत्रा, मोठा'. दोन सह्या.

आपण काय लिहिलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दवाखान्यातल्या नर्सनी मिळून अर्ज केला. त्या वळणावर वर्षभरात चौघी पडल्या होत्या. अर्ज वर गेला आणि कधी नव्हे तो वरून माणूस आला. पाहणी करणाऱ्या मॅडम. संपूर्ण रस्त्याला मिळून एकच भुयारी वाट मंजूर होती. जनावरांनी रस्त्याच्या खालून जावं म्हणून एक बोगदा आणि दोन्ही बाजूंना जाळीचं कुंपण. ती कुठे करायची हे मॅडम ठरवणार होत्या, आणि त्यासाठी सगळ्या हद्दींची मेलेल्या जनावरांची रजिस्टरं तपासणार होत्या.

मुलीला हे कळलं तेव्हा ती हात गळ्यात अडकवून खुर्चीत बसली होती. तिचा चेहरा उजळला. "बाबा, मग काळजीच नाही. तुमचं रजिस्टर आहे की. सव्वीस वर्षांचं सगळं त्यात असेल."

"असेल," मामा म्हणाले, आणि फावडं धुवायला मागे गेले. धुतलेलंच होतं ते.

चार दिवसांनी मॅडमनी मामांना बोलावलं. ऑफिसातल्या लांब टेबलावर नकाशा पसरला होता. त्यावर त्यांनी गेल्या नऊ वर्षांचे ठिपके दिले होते (त्याआधीची रजिस्टरं केव्हाच रद्दीत गेली होती), रानटी जनावरांना लाल आणि भटक्यांना निळे. एकतिसाव्या किलोमीटरपाशी, म्हणजे दुसऱ्या टोळीच्या हद्दीत, लाल ठिपक्यांचा एक घोस होता. ओढ्याच्या वळणावर सगळं निळं.

"सातशे चार कुत्रे, मामा. नऊ वर्षांत, एका वळणावर," मॅडम म्हणाल्या. "मलाही नवल वाटलं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी. तिथे भुयारी वाट करून काय उपयोग? कुत्री धरायची गाडी पाठवा असं सुचवते मी."

"पण मॅडम, तो अर्ज..." मामा म्हणाले.

"अर्जात रानडुक्कर लिहिलंय खरं. पण त्याच तारखेला तुमच्या रजिस्टरमध्ये 'कुत्रा, मोठा' आहे. तुमची सही आहे." त्या चांगल्या बाई होत्या. हसल्या तेही समजून घेतल्यासारख्या. "पहाटेच्या अंधारात घाबरलेल्या पोरीला काहीही दिसतं. खोटं बोलली असं नाही म्हणत मी. पण लेखी ते लेखी."

ती पोरगी कुणाची, हे त्यांना माहीत नव्हतं. मामांनी मान हलवली आणि बाहेर आले. बाहेरच्या बाकावर ते अर्धा तास बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मामांना त्या वेळी धड घाबरायचंही त्राण नव्हतं. त्यांना फक्त लाज वाटत होती. पोरगी पुढच्या सोमवारपासून कामावर जाणार होती. त्याच वळणावरून, दुखरा हात जपत, साडेपाच वाजता. आणि सरकारदरबारी ती कुत्र्याला डुक्कर समजणारी ठरली होती, बापाच्या सहीने.

ड्रायव्हरला त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रकात सांगितलं की मी मॅडमना खरं काय ते सांगणार आहे.

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. "मामा, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही दोन महिन्यांनी घरी बसाल. माझी अकरा वर्षं राहिलीत. प्रत्येक ओळीखाली माझी पण सही आहे."

"तू न वाचता सही करायचास असं सांगेन."

"आणि ते त्यांना पटेल?"

"तू कधी काही वाचलेलं कुणी पाहिलंय का?"

एरवी ड्रायव्हर यावर हसला असता. त्या दिवशी हसला नाही. पुढचे आठ दिवस तो कामापुरतंही बोलला नाही, नुसता मानेने होकार-नकार द्यायचा. मामांना त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "का केलंत असं?"

परीक्षेचं सांगावं असं मामांच्या मनात आलं. मग वाटलं, नऊ वर्षांच्या खोट्याला पोरीचं नाव कशाला चिकटवायचं. "कंटाळा आला होता, मॅडम," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

"जुन्या नोंदी मी बदलू शकत नाही. तुमच्या सांगण्यावरून लाल ठिपके देता येत नाहीत." त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, एक पान दाखवलं. "पण माझा अहवाल सहा आठवड्यांनी जातो. तोपर्यंत त्या वळणाच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये दहा रानटी जनावरांचे पुरे भरलेले फॉर्म आले, फॉरेस्टच्या सहीसकट, तर मी त्या जागेचा विचार करू शकते. दहा. नऊ नाहीत."

साहेबांना अर्थातच कळवावं लागलं. मामांची निवृत्तीची फाइल टेबलावरून उठून चौकशीच्या कपाटात गेली. ड्रायव्हरला लेखी ताकीद मिळाली. घरी मामींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नऊ वर्षं मला पण कुत्रेच सांगत होतात होय?" मुलगी काहीच बोलली नाही, परीक्षेच्या दिवसासारखीच. सोमवारी पहाटे मात्र तिने वळणावर दोनदा हॉर्न दिला, आणि मामांनी फावडं वर केलं.

मग सुरू झालं थांबणं. पहिल्या आठवड्यात एक ससा आणि दोन साळिंदरं मिळाली. सशाशेजारी मामा साडेतीन तास बसले. वीतभर सशासाठी एवढा मोठा माणूस रस्त्याच्या कडेला बसलेला पाहून जाणारे-येणारे गाड्या हळू करत, कुणी कुणी हसतही. मामा खाली बघत बसत. वय झालेल्या गुडघ्यांनी उकिडवं बसवत नाही, म्हणून ते चुन्याच्या गोणीवर बसत आणि उठताना पांढरे होऊन उठत. फॉरेस्टवाला येई, कुरकुर करी. "नऊ वर्षं तुमच्या हद्दीत काही मरत नव्हतं, आता एकदम साथ आली का?" मामा म्हणत, "सही करा."

दुसऱ्या आठवड्यात एका ऐन उन्हाच्या दिवशी त्यांच्या डोक्यावर सावली आली. ड्रायव्हरने न बोलता ट्रक पुढे घेऊन असा लावला होता की त्याची सावली मामांवर पडावी. मग तोही उतरला, मडगार्डला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "याचं वय किती लिहायचं?" मामांनी सरकून गोणीवर त्याला जागा करून दिली.

चौथा आठवडा संपता संपता नऊ फॉर्म झाले. आणि मग वळण रिकामं पडलं. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. अकरा दिवस त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये काही म्हणता काही मेलं नाही. अहवाल जायला चार दिवस राहिले. मामा पहाटे उठत तेव्हा छताकडे बघत आता वेगळाच विचार करत. आज काहीतरी पडलेलं असू दे. एकच. लहानसं का होईना. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीने ते पिचले, तीच ते आता देवाजवळ मागत होते. ट्रक वळणावर आला की पुढे वाकून काचेतून बघत. रस्ता मोकळा दिसला की त्यांचं मन खट्टू होई, आणि खट्टू झालं म्हणून स्वतःची किळस येई.

त्यांनी हे मामींना सांगितलं. घमेलं भरता भरता मामींनी मागे वळून पाहिलं. "तुम्ही मागितलं म्हणून कुणी मरत नाही, आणि नको म्हटलं म्हणून जगत नाही. जेवून घ्या."

कुंपणाशी कोल्हीण येऊन उभी होती. तिने आधी मामींकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रकाच्या दिव्यांत वळणाच्या मधोमध काहीतरी पडलेलं दिसलं. मामांच्या तोंडून आपसूक "आहे" असा शब्द बाहेर पडला, आणि त्यात आनंद होता हे ड्रायव्हरनेही ऐकलं. ते लगबगीने खाली उतरले. इतक्या दिवसांत गुडघे पहिल्यांदाच कुरकुरले नाहीत. जवळ गेले, बॅटरी मारली, आणि तसेच उभे राहिले.

डावा कान मधोमध फाटलेला होता. ती फाट आजची नव्हती, जुनी होती.

ड्रायव्हरने फोन लावला. मामा गोणी न घेता खालीच बसले, डांबरावर. साडेपाचला मुलीची स्कूटर आली. तिने दोनदा हॉर्न दिला. मामांचं फावडं वर आलं नाही, तशी ती थांबली, उतरली, बापाजवळ येऊन बघितलं. तिने ओळखलं. तिने मामांच्या खांद्यावर बरा झालेला हात ठेवला. "दहावी का?" तिने विचारलं. मामांनी मान हलवली. "मी जाते, बाबा, पाळीला उशीर होईल," ती म्हणाली, आणि वळण संपेपर्यंत फार हळू चालवत गेली.

फॉरेस्टवाला त्या दिवशी कधी नव्हे तो तासाभरात आला. मामांनी दोन्ही कार्बन नीट लावले आणि फॉर्म भरायला घेतला. कोल्हा. मादी. वय अंदाजे पाच. जखमा कमरेला. शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. मग तिसऱ्या प्रतीवरही उमटावं म्हणून दाबून, सावकाश लिहिलं, 'डावा कान फाटका. रोज संध्याकाळी आमच्या घरी पाणी प्यायला यायची.'

फॉरेस्टवाल्याने वाचलं. "एवढं लागत नाही, मामा. 'कान' म्हटलं तरी चालतं."

"राहू दे," मामा म्हणाले.

त्याने तिन्ही प्रतींवर सही केली. खड्डा मामांनी स्वतः काढला, ड्रायव्हरला फावडं दिलं नाही. वर चुना टाकला. मग दोघं ट्रकात बसले आणि ड्रायव्हरने किल्ली फिरवायच्या आधी विचारलं, "मामींना सांगणार?"

"सांगावं लागेल," मामा म्हणाले. "ती घमेलं भरायच्या आत."